कमळपानाची तिपाई: झाडाच्या रचनेवरून धातूचे फर्निचर घडवताना

वनस्पतींच्या आकारांवरून धातूचे फर्निचर करायचे ठरवले की पहिला मोह पाने चिकटवण्याचा होतो. नेहमीचे चार पायांचे टेबल तयार करायचे, पायांवर पत्र्याची कापलेली पाने वेल्ड करायची आणि वरून हिरवा-सोनेरी रंग मारायचा, एवढ्यावर काम झाले असे मानले जाते. अशा पानांत साडीचा पदर अडकतो, लहान मुलांचे हात कापतात, पानांच्या मागे धूळ बसते आणि पुण्याच्या पावसाळी हवेत गंजाची सुरुवात नेमकी त्याच फटीतून होते. झाडाकडून शिकण्याजोगी खरी गोष्ट म्हणजे ते भार कसे वाहून नेते. म्हणून पुढील सर्व कृतीत एकच नियम पाळला आहे: ज्या फांदीवर, शिरेवर किंवा पानावर भार येत नाही, त्याला वस्तूत जागा द्यायची नाही.

हा विचार नवा नाही. जोसेफ पॅक्स्टन या इंग्रज बागायतदाराने १८४९ मध्ये चॅट्सवर्थ येथे व्हिक्टोरिया जातीच्या महाकाय कमळाला फूल आणले, आणि त्याच्या पानाखालच्या जाड, उभ्या शिरांचा दाखला त्याने पुढे १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसच्या छताबाबत दिला. पॅरिसच्या मेट्रो स्थानकांसाठी हेक्टर गिमारने १९०० च्या सुमारास केलेली प्रवेशद्वारे ओतीव लोखंडाची आहेत, त्यामुळे त्यांतील देठ सांध्यापाशी फुगतात आणि टोकाकडे निमुळते होतात. क्लोद लालान या फ्रेंच शिल्पकार स्त्रीने खऱ्या पानांवर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवून फर्निचर घडवले. आपल्या हाती मात्र ओतशाळा नसते. बाजारात मिळणारी सळई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच जाडीची असते आणि झाडाची फांदी तशी कधीच नसते. सळईकामाला झाडाची जिवंत रेघ कशी आणावी, हा या कामातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सळयांच्या मापांतच दडलेले आहे.

उदाहरण म्हणून येथे एक तिपाई घेतली आहे: वर तांब्याचे ठोकलेले कमळपान, खाली लोखंडी देठ आणि तीन मुळे. पानाचा व्यास ४५० मिमी, जमिनीपासून उंची ५०० मिमी, एकूण वजन साधारण सहा किलो. सोफ्याशेजारी चहाचे कप, पुस्तक किंवा फुलदाणी ठेवण्यासाठी हे माप सोयीचे पडते. कमळच का, याला कारण आहे. बहुतेक पानांचा देठ कडेला जोडलेला असतो, कमळाचा मात्र पानाच्या बरोबर मध्याखाली येतो आणि तेथून शिरा चहूकडे पसरून कडेजवळ दुभंगतात. एका खांबावरच्या गोल टेबलाची रचना निसर्गाने अशी आयती करून ठेवलेली आहे.

आधी निरीक्षण, मग कागद

पुण्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कमळाची पाने रोपवाटिकांतल्या पाण्याच्या टबांत जवळून दिसतात. पान उलटे करून खालच्या शिरांवरून बोट फिरवावे, म्हणजे मध्याशी त्या किती जाड आहेत आणि कडेकडे कशा विरत जातात ते हाताला कळते. फांद्यांच्या अभ्यासासाठी पानगळीचा काळ, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, सर्वांत चांगला. वेताळ टेकडीवर त्या दिवसांत सालई, मोई अशी झाडे निष्पर्ण असतात आणि त्यांचा सांगाडा आकाशासमोर स्वच्छ दिसतो. मुळांसाठी जुन्या पेठांतल्या किंवा रस्त्याकडेच्या वडा-पिंपळांचे बुंधे पाहावेत. खोड जमिनीला भिडण्यापूर्वीच रुंदावू लागते आणि मूळ आधी बाहेर, मग खाली वळते.

बेचक्यांकडे विशेष लक्ष द्यावे. फांदी खोडातून निघते तेथे तीक्ष्ण कोन नसतो, तेथे लाकूड भरीव होऊन फुगलेले असते. शिवाय खोड दोन असमान फांद्यांत फुटते तेव्हा जाड फांदी मूळ दिशेपासून थोडीच ढळते आणि बारीक फांदी जास्त कोनात बाजूला जाते. ही एवढी गोष्ट पाळली तरी सळयांचा सांगाडा झाडासारखा दिसू लागतो. ती न पाळता सर्व फांद्या समान कोनात काढल्या, तर कितीही सफाईने काम केले तरी कपडे वाळत घालायचा स्टँड डोळ्यासमोर येतो.

निरीक्षणानंतर पूर्ण मापाचे चित्र काढावे. लहान कागदावरचे रेखाटन दिशा दाखवते, पण सळई त्यावर ठेवून तपासता येत नाही. मोठा खाकी कागद किंवा प्लायवूडचा तुकडा घेऊन बाजूचा आराखडा खऱ्या मापात उतरवावा आणि पुढच्या प्रत्येक वळणाची तुलना त्याच रेषेशी करावी.

फांद्यांचे गणित

झाडाच्या सर्व फांद्यांची एकत्रित जाडी खोडाच्या जाडीएवढी भरते, असे लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत नोंदवले होते. सोप्या भाषेत, खोडाच्या व्यासाचा वर्ग हा त्यातून फुटणाऱ्या फांद्यांच्या व्यासांच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. निसर्गात हे अगदी काटेकोर नसले तरी डोळ्याला पटणारे प्रमाण यातून मिळते, आणि बाजारातली मापे त्यात आश्चर्यकारकरीत्या बसतात. २० मिमीची सळई १६ आणि १२ मध्ये विभागली तर २५६ आणि १४४ मिळून बरोबर ४०० होतात. १० मिमीची ८ आणि ६ मध्ये विभागली तर ६४ आणि ३६ मिळून १०० होतात. १६ मिमीची १२ आणि १० मध्ये विभागली तर २५६ च्या जागी २४४ येतात, हा फरक दिसून येत नाही.

आपल्या तिपाईत देठ १६ मिमीच्या तीन सळयांचा आहे. प्रत्येक सळई खाली बाहेर वळून मूळ म्हणजे पाय होते आणि वर १२ आणि १० मध्ये फुटते. त्यांपैकी १२ मिमीची पुढे ८ आणि ८ मध्ये, तर १० मिमीची ८ आणि ६ मध्ये फुटते. अशा रीतीने तीन सळयांतून ८ मिमीची नऊ आणि ६ मिमीची तीन टोके तयार होतात. नऊ जाड टोके बाहेर जाऊन पानाची कड पेलतात. तीन बारीक टोके आत वळून पानाचा मध्य उचलून धरतात, कारण मध्यावर फुलदाणी ठेवली की पातळ तांबे तेथेच दबते.

आता स्थैर्य. तीन पायांची वस्तू खडबडीत शहाबादी फरशीवरही डुगडुगत नाही हा तिचा मोठा गुण आहे, पण दोन पायांच्या मधल्या बाजूने ती लवकर कलते हेही तितकेच खरे. पायांची टोके मध्यापासून २६० मिमीवर ठेवली, तर दोन टोकांना जोडणारी रेषा मध्यापासून १३० मिमीवर येते. पानाची कड त्या रेषेच्या ९५ मिमी बाहेर राहते. सहा किलोच्या तिपाईच्या कडेवर नेमक्या त्या जागी आठ किलोंच्या आसपास भार पडला, तर ती उलटेल. कप-पुस्तकांसाठी हे पुरेसे आहे. घरात रांगणारे मूल असेल तर ते कड धरून उभे राहणार हे गृहीत धरावे आणि पायांसाठी २० मिमीची सळई घेऊन वजन खाली वाढवावे. पानाचा व्यास मात्र वाढवू नये.

सामान आणि कापणी

लोखंड भवानी पेठेतील दुकानांत वजनावर मिळते. वजनाचा अंदाज घरीच काढता येतो: व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याचा वर्ग करून १६२ ने भागले की मीटरमागे किलो मिळतात. १६ मिमीची सळई मीटरला १.५८ किलो, १२ मिमीची ०.८९ किलो भरते. सळई गुळगुळीत, साध्या एमएसचीच (माइल्ड स्टीलची) मागावी. बांधकामाची टीएमटी सळई स्वस्त आणि सहज मिळणारी असली तरी तिच्यावरच्या आडव्या कडा कानशीने घासून जात नाहीत आणि बाहेरचा थर मुद्दाम कडक केलेला असल्याने ती वाकवताना मनासारखी वळत नाही. पूर्ण सळई सहसा सहा मीटरची येते. आपल्याला १६ मिमीचे ६०० मिमी लांबीचे तीन तुकडे, १२ आणि १० मिमीचे १२० मिमीचे तीन-तीन, ८ मिमीचे १५० मिमीचे नऊ आणि ६ मिमीचे तीन तुकडे एवढेच लागते. त्यामुळे फॅब्रिकेटरकडच्या उरलेल्या तुकड्यांतूनच हे काम निभावते. किरकोळ हार्डवेअर, पितळी स्क्रू, नायलॉन वॉशर, पॉलिश पेपर यांसाठी बोहरी आळी सोयीची आहे. जुने हातोडे, पकडी आणि क्वचित ऐरणीसारखा लोखंडी ठोकळा बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पाहावा.

वेल्डिंग फ्लॅटच्या बाल्कनीत करू नये. ठिणग्या खालच्या मजल्यावर पडतात आणि आर्ककडे, म्हणजे वेल्डिंगच्या प्रखर उजेडाकडे, नकळत पाहणाऱ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांना इजा होते. धायरी, नांदेड फाटा, भोसरी या भागांत लहान फॅब्रिकेशनची दुकाने भरपूर आहेत. तेथे कारागिराचा वेळ ठरवून घ्यावा आणि स्वतः समोर उभे राहून काम करून घ्यावे. वेल्डरला गेट आणि ग्रिल करण्याची सवय असते. त्याला रेषा सरळ आणि कोन काटकोनी हवे असतात. त्यामुळे पूर्ण मापाचे चित्र आणि झाडाच्या बेचक्याचा एखादा खरा तुकडा बरोबर नेला, तर शंभर शब्दांचे काम वाचते.

सांगाडा

सळया वाकवण्यासाठी जाड पत्र्यावर आराखड्याची रेषा खडूने काढून तिच्या बाजूने सळईचे छोटे तुकडे खुंट्यांसारखे वेल्ड करावेत. १६ मिमीच्या सळईच्या टोकावर लांब पाइप चढवला की मोठ्या गोलाईचे वळण थंड अवस्थेत हाताने देता येते. धातू सोडल्यावर थोडा मागे येतो, म्हणून रेषेपेक्षा किंचित जास्त वाकवून तपासावे. वळण एका जोरात देऊ नये. थोडे थोडे पुढे सरकत वाकवले की फांदीचा ओघ टिकतो, एकाच जागी वाकवले की कोपर दिसते. मुळाच्या टोकाजवळचे घट्ट वळण मात्र लाल होईपर्यंत तापवूनच द्यावे, आणि त्याच तावात टोकाचा ५०-६० मिमी भाग ऐरणीवर ठोकून चपटा करावा, म्हणजे पाय जमिनीवर पसरट बसतो. लोहारकामाला थोडे जास्त पैसे पडले तरी ते येथे द्यावेत, कारण सर्व तिपाईत जमिनीला टेकणारी ही तीन टोकेच सर्वांत जास्त पाहिली जातात.

तिन्ही सळया मध्यावर एकमेकींना टेकतात तो भाग १५० मिमीपर्यंत ठेवावा. त्यांच्यामधल्या खाचेत तीन ठिकाणी लहान टाके मारले की पुरते. सलग वेल्ड भरला तर उष्णतेने देठ एका बाजूला ओढला जातो.

फांद्या जोडण्याची सोपी रीत म्हणजे सांगाडा उलटा उभा करणे. २ मिमी पत्र्यावर १९५ मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यावर ४० अंशांच्या अंतराने नऊ खुणा कराव्यात, आणि मध्याभोवती ६० मिमी त्रिज्येवर १२० अंशांनी तीन. हा पत्रा सपाट जमिनीवर ठेवून देठ त्याच्या मध्यावर उलटा धरावा आणि प्रत्येक फांदीचे टोक आपापल्या खुणेला टेकेल असे जोडावे. आतल्या तीन टोकांखाली १० मिमी सळईचे तुकडे ठेवावेत, कारण तयार पान मध्याशी तेवढेच खोल असणार आहे. या रीतीने बाराही टोके आपोआप योग्य पातळीत येतात. ती डोळ्याच्या अंदाजाने सुलटी जोडायला गेल्यास एखादे तरी अधांतरी राहते.

आधी सर्व सांधे फक्त टॅक करून, म्हणजे छोट्या टाक्यांनी तात्पुरते जोडून घ्यावेत, चारी बाजूंनी दुरून पाहावे, पटले नाही तर टॅक तोडून कोन बदलावा. ही वेळ काटकसरीची नाही. मगच पूर्ण वेल्डिंग करावे आणि ते करताना एका पायाचा एक सांधा, मग दुसऱ्या पायाचा एक, असे आलटून पालटून जावे. जाड सांध्यांना ३.१५ मिमीचा ६०१३ प्रकारचा वेल्डिंग रॉड, तर ८ आणि ६ मिमीच्या टोकांना २.५ मिमीचा रॉड कमी करंटवर वापरावा, नाहीतर बारीक सळई वितळून तुटते. बेचक्यात धातू थोडा जास्त भरावा आणि नंतर ग्राइंडरने ढोबळ, गोल कानशीने बारीक असा उतरता फुगवटा तयार करावा. येथे घाई करू नये: जाड सळईची जाडी बारीक सळईत कोठे विरली हे बोटाला समजता कामा नये. जुनी जीआय (जस्ताचा थर दिलेली) सळई किंवा पाइप वापरण्याचा विचार असेल तर वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त पूर्ण घासून काढावे, कारण त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

तांब्याचे पान

कसबा पेठेतील तांबट आळीत ठोक्यांचा आवाज आजही ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे गोल ठसे उमटवण्याच्या तेथील कामाला मठार म्हणतात. हे ठसे केवळ शोभेचे नाहीत. तांबे ठोकले की कडक होते, त्यामुळे मठारलेला पातळ पत्रा न मठारलेल्या जाड पत्र्याइतका तग धरतो. आपल्या नियमात हे नेमके बसते.

४८० मिमी व्यासाचा, १.२ मिमी म्हणजे १८ गेजचा तांब्याचा गोल पत्रा घ्यावा. त्याचे वजन सुमारे दोन किलो भरते. कडेचा १५ मिमी भाग पितळी तारेवर गुंडाळला जातो आणि तयार पान ४५० मिमीचे राहते. गुंडाळलेली कड हाताला लागत नाही आणि पानाला ताठपणाही देते. कारागिराकडे जाताना सांगाडा बरोबर न्यावा, कारण पानावरच्या नऊ मुख्य शिरा सांगाड्याच्या नऊ टोकांच्या बरोबर वर यायला हव्यात. प्रत्येक शीर कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर दुभंगली की कडेशी अठरा शिरा होतात आणि कमळपानाचा भास पुरेसा होतो.

स्वतः ठोकून पाहायचे असल्यास १५० मिमीच्या तुकड्यावर सराव करावा. पत्रा अंधारलेल्या जागी मंद लाल दिसेपर्यंत तापवून पाण्यात बुडवावा, म्हणजे तो मऊ होतो. पोलाद असे थंड केल्यास कडक होऊ शकते, तांब्याचे तसे होत नाही. मग वाळूच्या घट्ट पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने मध्यापासून फेर धरत उथळ खोली द्यावी. शिरांसाठी बोथट केलेली छिन्नी खालच्या बाजूने रेषेवर चालवावी आणि मग पत्रा सुलटा करून शिरेच्या दोन्ही बाजू लाकडावर बसवून घ्याव्यात. ठोकता ठोकता आवाज बदलून टणत्कार येऊ लागला की तांबे कडक झाले असे समजावे आणि पुन्हा तापवावे, अन्यथा कडेला चीर जाते. मठार सर्वांत शेवटी करावा आणि त्यानंतर पत्रा तापवू नये, कारण कमावलेला कडकपणा त्याने निघून जाईल. शिरा फार उंच करू नयेत. त्यांवर कप तिरका बसत असेल तर ते पान सुंदर असले तरी टेबल म्हणून निकामी आहे.

रंग, जोडणी आणि निगा

सांगाड्यावरची काळी साल आणि वेल्डिंगची कपची तारेच्या ब्रशने पूर्ण काढावी, थिनरने तेलकटपणा पुसावा आणि त्याच दिवशी प्रायमर मारावा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत घासलेले लोखंड रात्रभर उघडे राहिले तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते. पावडर कोटिंग टिकाऊ असते, पण त्याचा जाड थर कानशीने घडवलेले बारीक उतार बुजवतो. घरात ठेवायच्या वस्तूसाठी मला रेड ऑक्साइड प्रायमरवर मंद काळा किंवा गडद तपकिरी रंगाचा पातळ हात जास्त पसंत आहे. लोखंडाला हिरवा रंग देऊ नये असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण आकार बोलत असताना रंगाने तेच पुन्हा सांगण्याची गरज नसते.

तांबे आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने गंजते. म्हणून बाराही टोकांवर नायलॉनची किंवा रबराची चकती ठेवावी. कडेच्या नऊंपैकी १२० अंशांवरच्या तीन टोकांना भोके पाडून ५ मिमीच्या पितळी स्क्रूंनी पान बसवावे. पानातले भोक ६ मिमीचे ठेवून स्क्रूभोवती नायलॉनची बाही घालावी. बाकीची टोके नुसती टेकलेली राहू द्यावीत, म्हणजे पान काढून घासता येते.

तांब्यावर बोटांचे डाग पडणार आणि रंग गडद होत जाणार, हे स्वीकारावे. चकाकी हवी असल्यास चिंच-मीठ किंवा पितांबरी पुरेशी आहे, आणि त्यानंतर मेणाचा पातळ हात दिला की ती थोडी अधिक टिकते. लिंबू सरबत किंवा सोलकढी सांडल्यास लगेच पुसावी, आणि कल्हई नसल्याने आंबट पदार्थ या पानावर थेट ठेवू नयेत.

गंज जवळजवळ नेहमी पायांच्या टोकांपासून सुरू होतो, कारण रोज लादी पुसताना ओले फडके तेथेच घासते. प्रत्येक पायाखाली नायलॉनची जाड गुंडी बसवावी आणि चपट्या टोकाच्या तळाला रंगाचे दोन जादा हात द्यावेत. पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या साफसफाईत तिपाई उलटी करून टोके आणि बेचक्यांच्या खालच्या बाजू पाहाव्यात. रंगाला फुगारा दिसला तर तेवढाच भाग धातूपर्यंत घासून, त्याच दिवशी प्रायमर आणि रंग लावून मोकळे व्हावे.